‘परदेसी’तील अफनासी निकितिन : ओलेग स्त्रिझेनोव्ह यांच्या चित्रपट-अभिनयाचा एक विचार

प्रस्तावना :
राज कपूर यांचे नाव रशियात घरोघरी पोहोचले. परंतु सोव्हिएत नटांपैकी कोणाचेही नाव भारतीय प्रेक्षकांच्या ओठी तसे रुळले नाही. ज्यांच्या बाबतीत ते घडण्याची शक्यता होती, ते ओलेग स्त्रिझेनोव्ह (१९२९-२०२५). ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनी संयुक्तपणे दिग्दर्शित केलेल्या ‘परदेसी’ (१९५७) या भारत-सोव्हिएत सहनिर्मितीत त्यांनी त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन याची भूमिका केली. या चित्रपटाचा उल्लेख आपल्याकडे प्रायः नर्गिस यांच्या निमित्ताने किंवा दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा एक अध्याय म्हणून होतो. नायकाचे काम करणाऱ्या नटाचा विचार मात्र राहून जातो.

पारनेर परिसरातील अभ्यासकांना या विषयाचे एक जवळचे कारण आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरात उतरलेला निकितिन घाट चढून जुन्नरला आला व पावसाळ्यातील सुमारे दोन महिने तेथे राहिला. ते जुन्नर पारनेर तालुक्याच्या पश्चिम शिवेपलीकडचे. पुढे अहमदनगरची निजामशाही ज्या भूमीत रुजली, त्या भूमीचे बहमनी काळातील एका परक्याने केलेले हे वर्णन आहे.

‘परदेसी’पूर्वीचा नट :
मॉस्कोच्या श्चुकिन नाट्यविद्यालयातून १९५३ मध्ये बाहेर पडलेल्या स्त्रिझेनोव्ह यांना एथेल व्हॉयनिच यांच्या कादंबरीवरील ‘ओव्होद’ने (१९५५) प्रसिद्धी दिली. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा, जवळच्यांनीच फसविलेला आणि त्यामुळे कडवट झालेला तरुण त्यांनी त्यात उभा केला. सेनापती बापटांच्या पारनेरमध्ये गुप्त क्रांतिकारकाची ही जातकुळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यांचे खरे सामर्थ्य प्रकट झाले ते ग्रिगोरी चुख्राय यांच्या ‘एकेचाळिसावा’ (१९५६) या चित्रपटात. लाल सेनेतील नेमबाज मर्यूत्का हिने चाळीस शत्रू टिपलेले आहेत. एकेचाळिसावी गोळी चुकते आणि श्वेत सेनेचा लेफ्टनंट गोवोरूखा-ओत्रोक कैदी म्हणून तिच्या ताब्यात येतो. अरल समुद्रातील निर्जन बेटावर ती दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात. शेवटी श्वेत सैनिकांची नाव दिसताच तो तिच्याकडे धाव घेतो आणि तिच गोळीने पडतो. स्त्रिझेनोव्ह यांनी या अधिकाऱ्याला खलपुरुष केले नाही आणि सहानुभूतीसाठी त्याचे वर्गीय अहंपणही सौम्य केले नाही. त्याची सुसंस्कृत विनोदबुद्धी आणि त्याच विनोदातून डोकावणारी तुच्छता एकाच चेहऱ्यावर नांदतात. स्टालिनोत्तर काळाच्या आरंभी सोव्हिएत पडद्यावर शत्रूला असे माणूसपण मिळणे ही मोठी गोष्ट होती. १९५७ च्या कान महोत्सवात या चित्रपटाला विशेष पारितोषिक लाभले.

निकितिनची भूमिका :
अशा दुभंगलेल्या व्यक्तिरेखांत रमणाऱ्या नटाला निकितिन ही जणू नेमकी भूमिका होती. मूळ प्रवासवृत्तातील निकितिन साधा प्रेमळ पाहुणा नाही. जुन्नरचा सुभेदार असदखान त्याचा घोडा हिरावून घेतो, धर्म बदल नाहीतर घोड्यासह दंडही गमाव, असे बजावतो. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटतो. पुढे सणांची गणतीही त्याच्या हातून निसटते, आपल्या श्रद्धेविषयी तो व्याकूळ होतो आणि त्याच्या प्रार्थनेत परक्या भाषांचे शब्द मिसळू लागतात. स्वदेशी परतताना स्मोलेन्स्कनजीक, त्वेरला पोहोचण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला.

चित्रपटाने या माणसाला मैत्रीचा दूत केले. प्रवासवृत्तात नसलेली चंपाची (नर्गिस) प्रेमकथा आली, सखाराम (बलराज साहनी) हा सोबती आला, महमूद गवान (पृथ्वीराज कपूर) हा उदारमनस्क वजीर आला. मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांच्या कलादिग्दर्शनामुळे दख्खनचे दृश्यरूप भारदस्त झाले, याबद्दल दुमत नसावे. पण नायकाच्या अंतर्यामीचा संघर्ष मागे पडला. त्यामुळे स्त्रिझेनोव्ह यांच्या वाट्याला मुख्यतः पाहणे, ऐकणे आणि विस्मित होणे एवढेच उरते. ते त्यांनी संयमाने केले आहे. एखाद्या स्थिर दृश्यात त्यांच्या नजरेतील घराची ओढ पटकथेपेक्षा अधिक सांगते. तरीही गोवोरूखा-ओत्रोक पाहिलेल्या प्रेक्षकाला हा निकितिन अपुरा वाटतो. हा दोष नटाचा मानणे अन्यायाचे होईल. दोन्ही देशांना प्रिय वाटेल असाच नायक हवा होता आणि धर्मसंकटात सापडलेला, शंकेने पोखरलेला निकितिन त्या गरजेत बसणारा नव्हता. राजनैतिक सद्भावनेची ही किंमत कलेने मोजली, असे म्हणावे लागते.

हा निष्कर्ष कठोर वाटल्यास त्यांच्या नंतरच्या भूमिका तपासाव्यात. इवान पिर्येव यांच्या ‘श्वेत रात्री’त (१९५९) दस्तयेव्हस्कीचा एकाकी स्वप्नाळू तरुण त्यांनी साकारला. रोमान तिखोमिरोव्ह यांच्या ‘इस्पिकची राणी’ (१९६०) या संगीतिका-चित्रपटात तर हेर्मानचे गायन दुसऱ्याच गायकाचे आहे. स्त्रिझेनोव्ह यांच्याकडे केवळ देह आणि मुद्रा आहे. तरीही जुगाराच्या ध्यासाने पछाडत जाणारा हेर्मान त्या मौन मुद्रेत पायरीपायरीने दिसत राहतो. आवाज उसना असतानाही हे साधणाऱ्या नटाला जुन्नरच्या पावसात अडकलेला, धर्म आणि घर यांच्या कात्रीत सापडलेला निकितिन जड गेला नसता.