बिंबाख्यान : राज्यस्थापनेचे वृत्त की वतनाचा दस्तऐवज?

वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तील बिंबाचे आख्यान माहीम बेटावरील राज्यस्थापनेचे वृत्त म्हणून वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे. केशवाचार्याने आपला भाग शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचला; यादव बिंबाचे उत्तर कोकणातील आगमन त्याआधी सुमारे दीड शतकाचे. मधल्या काळात प्रतापबिंब व यादव बिंब या दोन व्यक्तींच्या कथा परंपरेत एकमेकींत मिसळल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील नॉर्स सरदारांची सागाही अशीच, त्यांच्या सत्तेच्या स्थापनेनंतर सुमारे तीन शतकांनी, इ. स. १२०० च्या आसपास लिहिली गेली. मात्र सागाकाराने अनेक प्रसंगी दरबारी कवींची जुनी पद्ये आधारास घेतली. बखरकाराजवळ काय होते? कुळे, गोत्रे, गावे आणि वतने यांच्या याद्या! विंचूरकरांसारख्या पेशवेकालीन जहागीरदारांपाशी सनदा असत. येथे सनदेचे काम आख्यानच करते. म्हणूनच बिंबाच्या पराक्रमापेक्षा त्याने कोणास कोणते गाव दिले याची बखरकाराला अधिक आस्था आहे. राजवाड्यांनी कालनिर्णयासाठी घेतलेले परिश्रम मोलाचे खरेच. परंतु या याद्या तेराव्या शतकापेक्षा पंधराव्या शतकातील वतनदारांच्या हक्कांविषयीच अधिक बोलतात.