रहस्यकथेतील परभूमी

गुन्हेशोधाच्या कादंबरीत परभूमी बहुधा रंगमंचावरील पडद्यासारखी असते. पडदा बदलला तरी कथानकाला बाध येत नाही. एच. आर. एफ. कीटिंग यांची 'द परफेक्ट मर्डर' (१९६४) ही कादंबरी याला अपवाद आहे. ती लिहिताना लेखकाने मुंबई पाहिलेलीही नव्हती. तरीही इन्स्पेक्टर गणेश घोटे याच्या तपासातील अडथळे मुंबईतील अधिकारव्यवस्थेतूनच उद्भवतात. परफेक्ट नामक पारशी चिटणिसावर प्राणघातक हल्ला होतो. त्याच सुमारास एका मंत्र्याच्या मेजावरून एक रुपया नाहीसा होतो, आणि अधिकाराच्या उतरंडीत तो रुपयाही हल्ल्याइतकाच जड ठरतो. घोटेसोबत फिरणारा स्वीडिश तज्ज्ञ स्वेन्सन हा परक्या वाचकाच्या कुतूहलाचा प्रतिनिधी होय; त्याच्या योगे नवलाईने पाहणारी दृष्टीच कादंबरीचा विषय बनते. पात्रांचे इंग्रजी कृत्रिम वाटते, हा दोष नाकारता येत नाही. तथापि अशा कादंबरीचे मूल्यमापन करताना स्थळाचे वर्णन किती अचूक आहे यापेक्षा, ते स्थळ वगळल्यास तपास तसाच राहील काय, हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.