चाबूक कोणाच्या हाती? : आफ्रिकन-अमेरिकन इतिहासावरील शालेय नाटुकल्यांचा विचार

वर्गातल्या वर्गात पंधरा-वीस मिनिटांत आटोपणारे नाटुकले हा साहित्यसमीक्षेचा विषय सहसा होत नाही. आफ्रिकन-अमेरिकन साहित्यासंबंधीचे मराठीतील लेखन पाहिले, तर जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साहित्याचा परिचय करून दिल्यापासून लक्ष प्रामुख्याने काव्य, कादंबरी आणि आत्मकथन यांवर केंद्रित झालेले दिसते. दलित साहित्याशी त्याची जी तुलना झाली, तीही बहुतांशी याच प्रकारांच्या आधारे. प्राथमिक शाळेतील मुलांनी सादर करावयाची छोटी इतिहासनाट्ये या चर्चेच्या कक्षेबाहेर राहिली. ही उपेक्षा समजण्याजोगी असली, तरी समर्थनीय नाही. कादंबरीतील गुलामांचा मालक कागदावर असतो. नाटकात त्याला शरीर लागते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात ते शरीर कोणाचे, हा प्रश्न संहिता लिहिणाऱ्याला आणि ती बसवणाऱ्या शिक्षकाला टाळता येत नाही. या नाट्यप्रकाराची कसोटी नायकाच्या चित्रणापेक्षा अत्याचार करणाऱ्याच्या भूमिकेची उकल तो कशी करतो, यावर लागते.

या परंपरेचा आरंभ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत शोधावा लागतो. ड्यू बॉइस यांनी १९१३ साली 'द स्टार ऑफ इथिओपिया' हा भव्य इतिहासदेखावा न्यूयॉर्कमध्ये उभा केला. पुढे वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया येथेही त्याचे प्रयोग झाले. मात्र त्याचा पसारा शाळेला पेलणारा नव्हता. १९२० आणि १९२१ या दोन वर्षांत निघालेल्या 'द ब्राउनीज बुक' या मुलांच्या मासिकाने लहान आवाक्याची नाटके छापण्यास सुरुवात केली. जेसी फॉसेट यांच्या संपादकीय साहाय्याने चाललेल्या या मासिकात विलिस रिचर्डसन यांचे 'द किंग्ज डिलेमा' हे मुलांसाठीचे नाटक आले. १९२६ साली कार्टर वुडसन यांनी लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जन्मदिवसांना धरून फेब्रुवारीतील 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला, तेव्हा शाळाशाळांतून एक व्यावहारिक मागणी निर्माण झाली : या आठवड्यात मुलांनी करावे काय? त्या मागणीला दिलेले उत्तर म्हणजे वुडसन यांच्याच प्रकाशनसंस्थेने काढलेले दोन संग्रह – रिचर्डसन यांनी संपादित केलेला 'प्लेज अँड पेजन्ट्स फ्रॉम द लाइफ ऑफ द निग्रो' (१९३०) आणि रिचर्डसन व मे मिलर यांचा 'निग्रो हिस्टरी इन थर्टीन प्लेज' (१९३५). मिलर स्वतः बाल्टिमोरमधील एका माध्यमिक शाळेत शिकवीत असत, आणि त्यांच्या लेखनात तालमींचा अनुभव असलेल्या व्यक्तीची व्यवहारदृष्टी जाणवते.

मिलर यांचे 'ग्रेव्हन इमेजेस' हे नाटक या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. बायबलमध्ये मोशेने कूशी स्त्रीशी विवाह केल्यावरून मिर्याम त्याची निंदा करते आणि तिला कोड फुटते, अशी कथा आहे. मिलर यांनी त्या कथेतून मोठ्या माणसांचे भांडण काहीसे मागे सारले आणि मोशेचा सावळा मुलगा एलियेझर याला पुढे आणले. त्याच्या वर्णावरून टोमणे मारणारी पात्रे लहान मुलेच आहेत. आजच्या मिश्र वर्गात असा प्रसंग बसवताना शिक्षकाला दहा वेळा विचार करावा लागेल. पण ज्या शाळांसाठी तो लिहिला गेला, त्या कायद्याने वा रूढीने वेगळ्या काढलेल्या कृष्णवर्णीय शाळा होत्या. तेथे एलियेझर कृष्णवर्णीय, त्याला हिणवणारी मुले कृष्णवर्णीय आणि समोर बसलेले आईबापही कृष्णवर्णीय. हिणवणाऱ्याची भूमिका हा अशा वेळी सर्वांना कळणारा मुखवटा असतो. प्रयोग संपल्यावर तो कोणाच्याही चेहऱ्याला चिकटून राहत नाही. विभक्त शाळा ही अन्यायाचीच निर्मिती होती, परंतु तिने या रंगभूमीला एक विलक्षण मोकळीक दिली, हा विरोधाभास इतिहासकाराने नोंदवलाच पाहिजे. त्याच संग्रहातील रूपकात्मक देखाव्यांत, उदाहरणार्थ एडवर्ड मॅक्कू यांच्या 'इथिओपिया ॲट द बार ऑफ जस्टिस' मध्ये, वेगळी युक्ती आढळते. तेथे न्यायासनापुढे इथिओपिया उभी राहते, साक्षी होतात, आणि आरोप करणारा माणूस नसून एक अमूर्त भाव असतो. ही रूपके आज वाचताना शाळेच्या बक्षीस-समारंभातील भाषणासारखी वाटतात, हे मान्य करूनही त्यांच्या रचनेमागील शहाणपण नाकारता येत नाही.

१९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शाळा हळूहळू मिश्र होऊ लागल्या, १९७६ साली सप्ताहाचा महिना झाला, आणि नाटुकल्यांचे स्वरूप पालटले. रूपक मागे पडून चरित्र पुढे आले. या काळातील सर्वाधिक सादर होणारा प्रसंग बहुधा रोझा पार्क्स यांचा असावा. बसमधील चार खुर्च्या, एक चालक, एक पोलीस आणि एक दमलेली शिवणकाम करणारी बाई एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. हर्बर्ट कोल यांनी मुलांसाठीच्या पुस्तकांतील या 'दमलेल्या' रोझाची चिकित्सा केली आहे. पार्क्स त्या वेळी ४२ वर्षांच्या होत्या, माँटगोमेरीतील एनएएसीपी शाखेच्या चिटणीस म्हणून त्यांनी काम केले होते, १९५५ च्या उन्हाळ्यातच त्या हायलँडर येथील कार्यकर्ता-प्रशिक्षण शिबिराला जाऊन आल्या होत्या. आपण शरीराने दमलेलो नव्हतो, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच स्पष्ट केले. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनने अशीच जागा सोडण्यास नकार दिला होता. शाळकरी मुलांच्या वयाला ती अधिक जवळची, पण नाटुकल्यांत तिला क्वचितच जागा मिळते. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार तर शेवटच्या निवेदनात एका वाक्यात उरकला जातो. या दोषांची चर्चा इतिहासाच्या अंगाने झाली आहे. नाट्याच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. 'दमलेली रोझा' ही चालकाचीही सोय आहे. रोझाचा नकार थकव्यातून आला असेल, तर चालक केवळ एक खेकसणारा माणूस ठरतो, आणि ती भूमिका वर्गातील कोणालाही हसतखेळत देता येते. तिचा नकार संघटित व विचारपूर्वक आहे असे दाखवले, की चालकामागे कायदा, नगरपालिका आणि अवघे शहर उभे करावे लागते. संहिता इतिहास सोपा करते ती बरेचदा मुलांना समजावा म्हणून नव्हे, तर पात्रयोजना निभावून न्यावी म्हणून.

ही निभावणी जेथे सोडून दिली जाते तेथे काय घडते, याची उदाहरणे अमेरिकेतील वृत्तपत्रांत वारंवार येत असतात. २०१९ साली न्यूयॉर्क राज्यातील एका खाजगी शाळेत पाचवीच्या वर्गात गुलामांच्या लिलावाचा लुटुपुटीचा प्रसंग करून घेण्यात आला. कृष्णवर्णीय मुले लिलावात उभी राहिली. प्रकरण राज्याच्या महान्यायवादींपर्यंत गेले. शिक्षकांच्या हेतूविषयी येथे निवाडा करण्याचे कारण नाही. रंगमंचाचे व्याकरण न कळल्याची ही किंमत आहे. अनुकरण आणि पुनरावृत्ती यांत फरक करणारी चौकट नसेल, तर लहान मुलाच्या अंगावर इतिहास पुन्हा घडतो. दुसऱ्या टोकाला, २०२१ नंतर अनेक राज्यांनी वंशविषयक अध्यापनावर निर्बंध घालणारे कायदे केले. फ्लोरिडाच्या २०२२ च्या कायद्याने तर आपल्या वंशाच्या पूर्वजांच्या कृत्यांबद्दल विद्यार्थ्याला अपराधी वाटले पाहिजे, अशा शिकवणीला मनाई केली. गोऱ्या मुलाला मालकाची भूमिका देणे हा अशा वातावरणात केवळ कलेचा प्रश्न उरत नाही. तथापि कायदा आणि लिलाव या दोहोंची एक समजूत सारखीच आहे : भूमिका म्हणजे वंशाने लादलेले ओझे. नाट्यकलेचे म्हणणे नेमके याच्या उलट असते.

मग चाबूक रंगमंचावर आणायचा कोणाच्या हाती? एक समर्पक उत्तर चित्रकलेतून मिळते. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत सहा वर्षांची रुबी ब्रिजेस संघराज्याच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. नॉर्मन रॉकवेल यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रात पांढऱ्या झग्यातील मुलगी, खांद्यापाशीच कापले गेलेले मार्शल, भिंतीवर खरडलेली शिवी आणि फुटलेल्या टोमॅटोचा डाग एवढेच दाखवले. ओरडणारा जमाव चित्रात नाही. तो जेथे असायला हवा, तेथे चित्र पाहणारा उभा आहे. रुबीवरील शालेय नाटुकल्यांत मात्र जमाव हमखास येतो, कारण वर्गात तीस मुले असतात आणि प्रत्येकाला काही काम द्यायचे असते. त्या जमावातील मुलांना तालमीत ओरडण्याची मजा वाटू लागते, हे बालनाट्य बसवलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. हा जमाव केवळ ध्वनीने सूचित केला, किंवा डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीप्रमाणे ती अप्रिय भूमिका शिक्षकाने स्वतः घेतली, तर रुबीचे चालणे हीच नाट्यक्रिया होते.

संहितेच्या पातळीवर या पेचाची सर्वांत समर्थ उकल ॲलिस चिल्ड्रेस यांच्या 'व्हेन द रॅटलस्नेक साउंड्स' (१९७५) या एकांकिकेत आढळते. हॅरिएट टबमन यांच्यावरील नाटुकली बहुधा रात्र, दलदल, कुत्र्यांचे भुंकणे यांनी भरलेली असतात आणि आकड्यांनी संपतात : १९ फेऱ्या, ३०० माणसे. हे आकडे एकोणिसाव्या शतकातील चरित्रकार सारा ब्रॅडफर्ड यांच्याकडून आले. केट क्लिफर्ड लार्सन यांच्या २००४ मधील चरित्राने ते सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसे असे खाली आणले. चिल्ड्रेस यांना या मोजदादीत रस नाही. त्यांनी हॅरिएटला न्यू जर्सीमधील केप मे येथील हॉटेलच्या धोबीखान्यात उभे केले. पुढील मोहिमांसाठी पैसा हवा, म्हणून ती लेनी आणि सेलिया या दोघींबरोबर उन्हाळाभर कपडे धुते आहे. मालक नाही, कुत्रे नाहीत, बंदूक नाही. ढीगभर मळके कपडे, फळ्या, आणि काम जड झाल्याने व पकडले जाण्याच्या भयाने कुरकुरणारी सेलिया. दोघींचे भांडण होते. शेवटी हॅरिएट आपल्यालाही भीती वाटते हे सांगते, आणि तिघी पुन्हा धुण्याला भिडतात. अत्याचार करणारी व्यवस्था येथे पूर्णपणे हजर आहे, ती कपड्यांच्या ढिगाऱ्यात आणि सेलियाच्या भीतीत. फक्त तिला शरीर नाही. म्हणून कोणाही मुलाला ते शरीर उसने द्यावे लागत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे सेलिया. वीरगाथेत भित्र्या माणसाला स्थान नसते. येथे सर्वांत अवघड भूमिका तीच आहे, आणि वर्गातील बहुतेक मुले मनातून हॅरिएट नसून सेलिया असतात.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करण्याचे कार्य करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हापासून हा धागा जोडलेला आहे. शाळेतल्या स्नेहसंमेलनांत सावित्रीबाईंवर शेण फेकले जाण्याचा प्रसंग होतो, तेव्हा शेण फेकणारी मुले कोणती असावीत, त्यांना शेंडी लावावी की नाही, आणि प्रेक्षागृहात त्या वेळी हसू का फुटते, हे प्रश्न माँटगोमेरीच्या बसचालकाहून वेगळे नाहीत. सावित्रीबाई बरोबर घेऊन जात असलेली दुसरी साडी मात्र चिल्ड्रेसच्या कपड्यांच्या ढिगासारखी आहे. ती साडी पिशवीत ठेवणारी बाई रंगमंचावर दाखवली, तर शेण फेकणारा दाखवण्याची गरजच राहत नाही.

चिल्ड्रेस यांची उकल निर्दोष आहे असे नाही. त्यांची पात्रे दक्षिणेतील कृष्णवर्णीय बोलीच्या वळणाने बोलतात. कृष्णवर्णीय नसलेल्या मुलाने ती बोली उच्चारली, की तोंडाला काजळी फासून नक्कल करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांची जुनी सावली पडते. बोली गाळून प्रमाण इंग्रजी घातले, तर हॅरिएट शाळेतील शिक्षिकेसारखी वाटू लागते. जे शरीराच्या बाबतीत टाळले, ते जिभेच्या बाबतीत परत येते. या एकांकिकेच्या मराठी अनुवादकापुढेही हीच अडचण निराळ्या रूपात उभी राहील. प्रमाण मराठी वापरली तर श्रम नाहीसे होतात. वऱ्हाडी वा मराठवाडी वळण दिले तर प्रदेश चिकटतो. आणि धोबीखाना असल्यामुळे परटिणीच्या बोलण्याचा आधार घेतला, तर हॅरिएट टबमन यांना मराठी प्रेक्षक तत्क्षणी एक जात देऊन टाकतो.