गालिचा कोणाचा, पाय कोणाचे?

‘कट अ रग’ या जुन्या अमेरिकन बोलप्रयोगाचा कोशातला अर्थ ‘झोकात नाचणे’ एवढाच. पायाखालचा गालिचा फाटावा असा तो जोश! १९३०-४० च्या दशकांत जिटरबग नाचाबरोबर तो रुळला. पण पाय कोणाचे, हे कोश सांगत नाही. त्या नाचाचे मूळ जो लिंडी हॉप, तो घडवला हार्लेमच्या काळ्या पोरापोरींनी. १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकत्र नाचत. त्याच हार्लेमच्या कॉटन क्लबात मात्र काळ्यांनी नाचायचे, गोऱ्यांनी बघायचे. आपल्याकडे ‘पायात चाळ बांधले’ म्हणताना पांढरपेशा नाक मुरडतो, आणि फडात दौलतजादा करायला पुढेही तोच बसतो. ‘गालिचा कापला’ या बोलण्यात निदान नाचणाऱ्याचे कौतुक आहे. ‘चाळ बांधले’ म्हणताना बाईची जात आधी विचारली जाते.