रंगीत नकाशा आणि रक्ताचा हिशेब

पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूचा रंगीत नकाशा पाहिला की वाटते, यंत्राने रक्तप्रवाह मोजला. हा समज चुकीचा आहे. शिरेतून टोचलेले आयोडीनयुक्त द्रव्य कुठे, केव्हा आणि किती पोहोचले, एवढेच सीटी यंत्र टिपते. प्रवाह हा त्यावरून मांडलेला हिशेब असतो.

हिशेब सोपा आहे. रक्ताच्या आकारमानाला ते पार होण्याच्या सरासरी वेळाने भागायचे. मायर व झियरलर यांनी १९५४ मध्ये त्याची गणिती बैठक मांडली. १०० ग्रॅम ऊतीत ४ मिलिलीटर रक्त आणि वेळ ४ सेकंद, म्हणजे प्रवाह मिनिटाला ६० मिलिलीटर.

गोम आहे ती आकारमानात. ते ऊती आणि रोहिणी यांच्या आलेखांखालील क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून काढतात. निवडलेली रोहिणी बारीक असेल, तर शेजारची ऊती त्याच चित्रबिंदूत मिसळते व रोहिणीचे क्षेत्रफळ कमी भरते. ते निम्मे भरले, तर प्रवाह दुप्पट दिसतो. खरा २० असेल तिथे ४०! संकटातली ऊती सुरक्षित वाटते.

मग पद्धत टाकाऊ का? मुळीच नाही. निरोगी भागाशी तुलना केली, की दोन्हीकडची सारखी चूक भागाकारात उडून जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिफ्यूज-३ चाचणीत अशा चित्रणावरून निवडलेल्या रुग्णांना ६ ते १६ तासांनंतरही गुठळी काढल्याचा लाभ झाला.

तक्रार आहे ती हिशेबाला मोजमाप म्हणण्याची. वर्गात असे चित्र दाखवताना जरूर विचारा : यात मोजले काय आणि गृहीत धरले काय?