‘त्रुटी’ या संज्ञेचे दोन अर्थ : श्राव्यातीत दाबक्षेत्राच्या जलद गणनाची एक चिकित्सा

‘सोनोग्राफी’ हा शब्द शाहूपुरीतील दवाखान्यांच्या पाट्यांवर केव्हाच रुळला आहे. परंतु तिचा प्रक्षेपक शरीरात जे दाबक्षेत्र निर्माण करतो, त्याच्या गणनाची परिभाषा मराठीत अद्याप स्थिरावलेली नाही.

या गणनाचे मूळ रॅलेच्या समाकलात आहे. प्रक्षेपकाच्या पृष्ठाचा प्रत्येक सूक्ष्म अंश तरंग सोडतो. त्या सर्वांची बेरीज म्हणजे इष्ट बिंदूवरील दाब होय. प्रक्षेपकाच्या निकट ही बेरीज फार बारकाईने करावी लागते. पाण्यात १ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी सुमारे १.५ मिलिमीटर असते. १५ मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीचे निकटक्षेत्र त्यामुळे सुमारे १५० मिलिमीटरपर्यंत पसरते. रॉबर्ट मॅकगॉफ व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये वर्तुळाकार व आयताकृती प्रक्षेपकांसाठी दुहेरी समाकलाच्या जागी एकेरी समाकल योजला आणि गणन पुष्कळ वेगवान केले. मिशिगन स्टेट विद्यापीठाची ‘फोकस’ ही आज्ञावली याच पद्धतीवर उभारलेली आहे.

पद्धतीचा हा गुण निर्विवाद होय. आक्षेप आहे तो संज्ञेविषयी. अशा निबंधांत ‘त्रुटी’ मोजली जाते ती त्याच समाकलाच्या अधिक सूक्ष्म गणनाशी तुलना करून. वाचक मात्र ती वस्तुस्थितीपासूनची तफावत समजतो. मूळ समाकल एकजिनसी माध्यम गृहीत धरतो. प्रत्यक्षात ध्वनीचा वेग मेदात सेकंदाला सुमारे १४५० मीटर, तर हाडात ३००० मीटरहून अधिक असतो. तेव्हा गणनाची त्रुटी नगण्य असूनही ऊष्मोपचाराची उष्णता निरोगी ऊतकावर पडू शकेल. हा केवळ शब्दच्छल नव्हे.

याउलट, मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे पराग गोगटे, अनिरुद्ध पंडित प्रभृतींनी २००२ मध्ये ध्वनिरासायनिक पात्रांच्या मापनचित्रणाचा जो आढावा घेतला, त्यात विश्लेषणाला प्रायोगिक पडताळ्याची जोड दिलेली आहे. पात्राच्या भिंतींवरून होणारे परावर्तन आणि द्रवातील बुडबुडे यांमुळे तेथे केवळ सूत्रावर विसंबून भागत नाही.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाने दोन संज्ञा वेगळ्या राखणे इष्ट ठरेल. सूत्र सोडविताना राहणारी ती ‘गणनत्रुटी’ आणि सूत्र व वस्तुस्थिती यांमधील ती ‘प्रतिरूपत्रुटी’. जलद पद्धतीने पहिली कमी होते. दुसरीचा निर्णय मापनाविना होऊ शकत नाही.