शंभरपैकी शंभर, पण कशात?

टेस्लाने सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या गाडीमालकांसाठी ‘सेफ्टी स्कोअर’ आणला. ऑक्टोबरमध्ये ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ची बीटा आवृत्ती आधी मिळाली ती शंभरपैकी शंभरवाल्यांना. आता बघा, मोजलं काय? जोरात ब्रेक, वेगात वळण, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं. म्हणजे बहुतेक स्वतःच्या हातचं ड्रायव्हिंग. चाचणीत काम वेगळंच: गाडी सॉफ्टवेअर चालवणार, आपण कंटाळा न करता लक्ष ठेवायचं. याच्या जवळ जाणारा घटक एकच, इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्यामुळे ऑटोपायलट बंद पडणं. त्यात गुण जातील म्हणून पिवळ्या सिग्नललाही ब्रेक न दाबणारे निघाले! शिवाय अशा निवडक चालकांकडे अपघात कमी दिसले, तर श्रेय सॉफ्टवेअरचं की त्यांचं? कमी गुणवाल्यांचा तुलनागट नसेल तर हे वेगळं काढताच येत नाही.